कुरळ्या केसांना कात्री लावण्याआधी

पार्लरच्या खुर्चीत बसून 'खांद्यापर्यंत ठेवा' म्हणून सांगावं, ताईंनी केसांवर पाणी मारावं, कंगव्याने चापूनचोपून सरळ करावेत, खांद्याच्या रेषेत कात्री फिरवावी आणि रिक्षाने घरी पोचेपर्यंत केस वाळून कानाच्या पाळीशी येऊन बसावेत. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांना ही गोष्ट पुढे सांगायची गरज नाही. माझ्या बाबतीत ती बारावीच्या निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी घडली. त्या दिवसाच्या फोटोत माझ्या डोक्यावर फ्लॉवरचा गड्डा ठेवल्यासारखा दिसतो, आणि दर वर्षी कुणी ना कुणी तो फोटो ग्रुपवर टाकतंच.

बरीच वर्षं मी त्या ताईंच्या हाताला दोष देत होते. नंतर कळलं की त्यांना शिकवलं होतं तसंच, अगदी रेषेत त्यांनी कापलं होतं. चुकलं होतं ते माप. केस मोजले ओले आणि ताणलेले असताना, वागवायचे होते कोरडे आणि आखडलेले. कुरळ्या केसांचा हेअरकट बिघडण्याची कारणं शोधत गेलं की दहापैकी आठ वेळा आपण इथेच येऊन पोचतो. म्हणून केस ओला झाल्यावर त्याचं काय होतं, हे आधी पाहू.

केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवणारे जे बंध असतात, त्यांतले दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. गंधकाचे बंध पक्के. पाणी, तेल, कंगवा यांना ते दाद देत नाहीत. हायड्रोजनचे बंध कच्चे. पाणी लागलं की ते सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा दिसतात, त्या या कच्च्या बंधांची करामत. पुढच्या न्हाण्याला बंध पुन्हा सुटतात आणि लाटा जातात.

कुरळेपणाचं मूळ मात्र खरोखरच मुळात असतं. टाळूच्या आत केस ज्या खळग्यात तयार होतो, तो सरळ केसवाल्यांच्या डोक्यात उभ्या नळीसारखा असतो आणि कुरळे केसवाल्यांच्या डोक्यात तळाशी आकड्यासारखा वाकलेला. अशा खळग्यातून वर येणारा केस एका अंगाने वेगळा आणि दुसऱ्या अंगाने वेगळा घडतो, त्यामुळे तो बाहेर पडतानाच वळण घेऊन येतो. सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बराचसा गोल दिसतो, कुरळा केस चपटा, लंबगोल. जावळ काढलं म्हणून बाळाचे कुरळे केस गेले, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, पण वस्तरा चालतो कातडीच्या वर आणि खळगा असतो आत. वाढत्या वयात ते खळगेच बदलतात, म्हणून केस बदलतात. जावळ फक्त त्या सुमाराला निघालेलं असतं.

आता हा वळलेला धागा भिजला की कच्चे बंध सुटतात, अंगावरचं पाणी त्याला खाली ओढतं, आणि वरून कंगव्याचा ताण. तिन्ही मिळून वेटोळं उलगडतं. शिवाय ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो. म्हणजे कात्री लागते त्या क्षणी बट तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात लांब अवस्थेत असते.

इथे एक गंमत आहे. समजा, एक बट ओली आणि ताणलेली असताना ३० सेंटिमीटर भरते आणि वाळली की २० सेंटिमीटरवर येते. पार्लरमध्ये तिचे ६ सेंटिमीटर कापले. उरले २४, ते वाळून साधारण १६ होणार. म्हणजे कापले ६ आणि दिसायला कमी झाले ४. हिशेबाने पाहिलं तर गिऱ्हाइकाचा फायदाच! मग 'दोन इंच सांगितले आणि चार इंच उडवले' असं आपल्याला का वाटतं? एक कारण वजनाचं. सैल वळणाच्या लांब केसांत खालच्या भागाचं वजन वरच्या वळणाला ओढून धरत असतं. तो भार गेला की उरलेली बट आणखी वर चढते, त्यामुळे १६ चे प्रत्यक्षात १४ किंवा १५ होतात. दुसरं कारण मोठं. आपण मुळात इंच सांगितलेलेच नसतात. आपण 'खांद्यापर्यंत' म्हणालेलो असतो. आपल्या मनात कोरडे केस खांद्याला टेकलेले असतात, ताईंच्या हातात ओले केस खांद्याला टेकलेले असतात. या दोन खांद्यांमधलं अंतर १० सेंटिमीटरही असू शकतं.

म्हणून पार्लरमध्ये इंचांत बोलू नये आणि नुसतं 'खांद्यापर्यंत' असंही बोलू नये. अंगावर बोट ठेवून दाखवावं: 'वाळल्यावर इथे यायला हवेत.' गळ्याखालच्या हाडावर, हनुवटीवर, जिथे हवं तिथे. 'वाळल्यावर' हा शब्द दोनदा म्हणावा.

एवढं सांगितलं की काम झालं असं वाटेल, पण कुरळ्या केसांची दुसरी खोड अजून यायची आहे. एका डोक्यावर एकाच जातीचे केस नसतात. माझंच घ्या. कपाळाजवळ आळसावलेल्या लाटा, कानांमागे बोटाला गुंडाळल्यासारखी वेटोळी, मानेवर अगदी बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखे घट्ट वळसे, आणि सगळ्यात वरचा थर ऊन, हेल्मेट आणि उशी यांनी घासून अर्धवट सरळ झालेला. कपाळावरची बट वाळून पाचवा हिस्सा आखडते, मानेवरची जवळजवळ निम्मी. दोन्ही ओल्या असताना एका रेषेत कापल्या तर वाळल्यावर त्या एका रेषेत राहतीलच कशा? कोरड्यावर एकसारखं दिसायला हवं असेल तर ओल्यावर ते वेडंवाकडंच दिसलं पाहिजे. सरळ केसांवर हात बसलेल्या माणसाला हे पचत नाही. वेडीवाकडी टोकं दिसली की त्याची कात्री आपोआप ती सरळ करायला धावते.

तिसरी खोड आकाराची. लांब कुरळे केस खाली एका रेषेत कापले की डोकं त्रिकोणी दिसतं, वर चपटं, खाली पसरट, ओल्या मातीच्या ढिगासारखं. सरळ केस एकमेकांवर वहीच्या पानांसारखे लागून बसतात, त्यामुळे कितीही दाट असले तरी जागा फारशी खात नाहीत. कुरळी बट ही वेटोळी असते, तिच्या पोटात हवा असते, आणि एक वेटोळं दुसऱ्याच्या आत नीट बसत नाही. डबाभर चकल्या आणि डबाभर पापड यांतला फरक म्हणा. टाळूजवळ केस खालच्या वजनाने दाबलेले असतात, म्हणून वर चपटेपणा. टोकं मोकळी असतात, आणि ती सगळी एकाच उंचीवर येऊन जागेसाठी भांडतात, म्हणून खाली पसारा.

यावर उतारा म्हणजे लेयर. टोकं वेगवेगळ्या उंचीवर आणायची, म्हणजे गर्दी एकाच मजल्यावर होणार नाही आणि वरच्या केसांवरचा भारही उतरेल. आपल्याकडे पार्लरच्या भिंतीवर स्टेप कटचा जो फोटो असतो, तो मात्र सरळ केसांवरचा असतो. तोच स्टेप कट कुरळ्यांवर मारला तर वरची पायरी फार आखूड होते, आखडून टोपीसारखी गोल बसते आणि खालची लांब पायरी तिच्याखालून शेपटीसारखी लोंबते. कुरळ्यांना लेयर हवेत, पण लांब, आणि एकातून दुसरा हळूहळू उतरत गेलेला. सगळ्यात वरचा लेयर किती आखूड असावा, याचं उत्तर पुन्हा कोरड्या केसांवरच मिळतं. ती बट वाळल्यावर कुठे येऊन थांबते? गालाच्या हाडाच्या वर थांबत असेल तर दहादा विचार करावा.

आता थिनिंगच्या कात्रीबद्दल. एका पात्याला कंगव्यासारखे दात असलेली ही कात्री, आणि 'तुमचे केस फारच दाट आहेत हो, थोडे हलके करून देते' हे ठरलेलं वाक्य. या वाक्याला नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. थिनिंग कात्री बटेतले काही केस मध्येच तोडते आणि बाकीचे तसेच लांब ठेवते. सरळ केसांत ही आखूड टोकं लांब केसांच्या आड लपतात. कुरळ्यांत ती लपत नाहीत. प्रत्येक आखूड तुकडा स्वतःचं छोटं वेटोळं करून शेजारच्यांना ढकलत बाहेर येतो. शिवाय कुरळे केस सुटे सुटे राहत नाहीत, दहावीस किंवा पन्नास केस एकत्र येऊन बट धरतात. बट एकजूट असली की केस कुरळे दिसतात आणि तीच विस्कटली की पिंजारलेले. दाटपणा कमी व्हावा म्हणून थिनिंग करायचं आणि दोन न्हाण्यांनंतर केस दुप्पट फुललेले पाहायचे, हा अनुभव त्यामुळेच येतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. बटेच्या मधोमध तोडलेली ती टोकं खालपर्यंत पोचायला वर्ष सहज जातं. वस्तऱ्याने लेयर करण्याचंही तसंच. पातं तिरकं फिरतं, टोक सोलल्यासारखं होतं आणि त्या टोकाला लवकर फाटे फुटतात. अतिशय धारदार पात्याने आणि सरावाच्या हाताने सैल लाटांवर ते चांगलं करणारे लोक आहेत, पण पहिल्याच भेटीत ती परीक्षा आपल्या डोक्यावर नको.

मग कुणी म्हणेल, हे सगळं पार्लरवाल्यांना शिकवत का नाहीत? शिकवण्याचा पायाच सरळ केसांवर घातला गेला आहे. १९६० च्या दशकात लंडनमध्ये व्हिडाल ससून यांनी भौमितिक रेषांचे बॉब कट आणले आणि जगभर केस कापण्याची भाषा बदलली. केस ओले करा, बारीक भाग पाडा, कंगव्याने एकसारखा ताण द्या, पहिली बट मापाला धरून बाकीच्या तिच्याशी जुळवा, ही पद्धत नेमकी आणि शिकवायला सोपी होती. सरावाच्या पुतळ्यांच्या डोक्यावरही बहुधा सरळच केस. न्यूयॉर्क राज्यात केशकर्तन शिकवणाऱ्या संस्थांनी सगळ्या प्रकारच्या केसांचं शिक्षण दिलंच पाहिजे, असा कायदा व्हायला २०२३ साल उजाडलं. तेव्हा आपल्या कोपऱ्यावरच्या पार्लरवाल्या ताईंवर फार चिडण्यात अर्थ नाही.

कुरळ्यांसाठी वेगळ्या वाटा काढणारेही मुख्यतः न्यूयॉर्कमध्येच निघाले. लोरेन मॅसी स्वतः कुरळ्या केसांच्या. त्यांच्या सलूनमधून १९९० च्या दशकापासून कोरडे केस कापण्याची पद्धत पसरली. केस धुऊन, न विंचरता, आपापल्या वळणात वाळू द्यायचे आणि मग एकेक बट हातात घेऊन, न ताणता, तिच्या वळणाच्या कडेला कापायची. शिल्पकार दगडाभोवती फिरत एकेक कपचा उडवतो, तसं काम. काय कापलं आणि किती उरलं हे लगेच समोर दिसतं. वळण जिथे आत येतं तिथे कापलं तर टोक आत दडतं, बाहेर जातं तिथे कापलं तर ते शिंगासारखं उभं राहतं, हेही कोरड्यावरच कळतं. उलट उइदाद या न्यूयॉर्कच्याच केशतज्ज्ञ त्याआधीपासून कुरळे केस ओलेच कापत आल्या, पण प्रत्येक भागाची स्प्रिंग लक्षात घेऊन, बटा एकमेकींत बसतील अशा बेताने आतून जागा करत. दोन्ही पद्धतींचे भक्त एकमेकांना नावं ठेवतात. माझं मत विचाराल तर अनोळखी हाताकडे जाताना कोरडा कट बरा. ओल्यावर अचूक कापायला अंदाज लागतो, कोरड्यावर डोळे पुरतात.

फार घट्ट, नागमोडी वळणाच्या केसांचा प्रश्न आणखी वेगळा. असे केस वाळल्यावर निम्म्याहूनही जास्त आखडतात, आणि ते कधी मोकळे तर कधी ताणून वागवायचे असतील तर काही तज्ज्ञ आधी गरम हवेने ताणून मग कापतात. आपल्याकडे कारवार, गोव्याच्या बाजूला सिद्दी समाजातल्या लोकांचे केस असे असतात. महाराष्ट्रात बहुतेक कुरळे म्हणजे लाटांपासून मध्यम वेटोळ्यांपर्यंतचे. इंटरनेटवर ज्यांना '२बी', '३ए' वगैरे म्हणतात ती वर्गवारी आंद्रे वॉकर या अमेरिकी केशतज्ज्ञांची. टीव्हीवरच्या प्रसिद्ध मुलाखतकार ओप्रा विन्फ्रे यांचे केस तेच करत. १ म्हणजे सरळ, २ लाटा, ३ वेटोळी, ४ घट्ट नागमोडी. मुलींच्या तासन्‌तास चर्चा चालतात की माझे ३ए की ३बी. हेअरकटसाठी त्याचा उपयोग इतकाच, की आपल्यासारख्याच डोक्याचे फोटो शोधताना हा शब्द टाकता येतो. कापणाऱ्याला हवी असते ती माहिती वेगळी: कुठली बट किती आखडते, केस किती दाट आहेत आणि एकेक केस जाड आहे की बारीक.

आणखी एक जात आहे, तिला स्वतःचीच ओळख नसते. आपल्या घरांत रोज सकाळी कोरड्या केसांवर खोबरेल चोपडून, बारीक दातांच्या फणीने ओढून वेणी घालायची पद्धत. त्यात लाटा असलेले केस कधी लाटा म्हणून दिसतच नाहीत. 'माझे केस रफ आहेत, फुगतात' म्हणणाऱ्या कित्येकींचे केस खरं तर कुरळे असतात. एकदा सुट्टीच्या दिवशी केस धुवा, कंडिशनर लावलेलं असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा, टॉवेलने न रगडता जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. दिसेल ते तुमचं खरं वळण.

हेअरकटच्या दिवशी जाण्याची तयारीही हीच. केस धुतलेले, गुंता काढलेला, आपल्या नेहमीच्या वळणात पूर्ण वाळलेले. तेल नको, त्याने बटा जड होऊन खोट्या लांब दिसतात. वेणी, अंबाडा, क्लचर नको, त्यांचे दाब वाळल्यावरही राहतात. पावसाळ्यात मुंबईच्या लोकलमधून गेलात तर पार्लरला पोचेपर्यंत केस फुललेले असतील, कारण हवेतली वाफ तेच कच्चे बंध सोडत असते. ते चालेल, बरंच आहे. वर्षातले चार महिने केस तसेच असणार आहेत, तर कापणाऱ्याने तेही बघावेत. नागपूरच्या मेमधले केस आणि रत्नागिरीच्या जुलैमधले केस एकाच डोक्यावरचे असले तरी एकाच मापाचे नसतात. सोबत स्वतःचेच दोन फोटो न्यावेत, एक केस छान बसलेल्या दिवसाचा आणि एक विस्कटलेल्या दिवसाचा. नटीचा फोटो न्यायचा असेल तर आपल्यासारख्या वळणाची नटी शोधावी. मिथिला पालकरचे कुरळे केस पडद्यावर दिसू लागल्यापासून मराठी मुलींची ही सोय झाली आहे.

आधी फोन करून विचारायला लाजू नये. 'कुरळे केस कापता का?' असं विचारलं तर उत्तर 'हो' असंच येणार. 'कुरळे केस कोरडे कापता का?' असं विचारावं. समोरून 'कोरडे? का?' आलं तर अंदाज येतो. पुण्या-मुंबईत आता कुरळ्या केसांचं काम खास करणारी सलून आहेत, पण तिथे एका कटला काही हजार मोजावे लागतात आणि तारीखही आधी घ्यावी लागते. दर तिमाहीला ते परवडेलच असं नाही. वर्षातून एकदा तिथे जाऊन आकार करून घ्यायचा आणि मधल्या काळात नेहमीच्या ताईंकडून फक्त टोकं कापून घ्यायची, हा मध्यमवर्गीय तोडगा मी पाच-सहा वर्षं चालवतेय.

नेहमीच्या ताईंकडे जाताना भाषण देऊ नये. त्यांचा अनुभव आपल्या वयाइतका असतो, आणि मोबाईलवरचा व्हिडिओ पुढे धरून शिकवायला लागलेलं गिऱ्हाईक कुणाला आवडतं? मी एवढंच म्हणते: 'ताई, माझे वाळल्यावर खूप वर जातात. पाणी न मारता, न ताणता आधी थोडेच कापून बघूया का? कमी वाटले तर अजून कापू.' या शेवटच्या वाक्यात सगळा जीव आहे. कापलेले चिकटवता येत नाहीत, उरलेले कापता येतात. वर थिनिंग नको हे आधीच सांगते, कात्री हातात आल्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो. आणि शेवटी ब्लो ड्रायने सरळ करून देऊ नका, हेही. सरळ केलेल्या केसांवर कुठलाही कट झकास दिसतो. पैसे देऊन, फोटो काढून आपण घरी येतो आणि खरा कट तीन दिवसांनी, पहिल्या न्हाण्यानंतर, न्हाणीघराच्या आरशात भेटतो.

स्मूदनिंग किंवा रीबाँडिंग केलेल्यांचं गणित वेगळं. तिथे रसायनाने ते पक्के, गंधकाचे बंधच तोडून नव्याने बसवलेले असतात. तो भाग कितीही धुतला तरी पुन्हा वळत नाही. मुळातून येणारा नवा केस मात्र कुरळाच. डोक्यावर वर वेटोळी आणि खाली सरळ झाडू अशी जोडी जमते आणि जिथे दोन्ही भेटतात तिथेच केस जास्त तुटतात. एकदम सगळं सरळ छाटून आखूड करायची हिंमत असेल तर उत्तम. नसेल तर दर दोन-तीन महिन्यांनी थोडं थोडं सरळ टोक कमी करत जावं. मधलं वर्ष अंबाड्यात काढावं लागतं, त्याला इलाज नाही.

मुलग्यांकडे हा प्रश्न कुणी प्रश्न म्हणून पाहतच नाही. 'कुरळे आहेत ना, बारीक करून टाका' हाच सल्ला बापापासून मामापर्यंत. मशीनने बाजू बारीक आणि वर केस ठेवायचे असतील तर वरचे तीन-चार वळसे तरी पुरे होतील इतके ठेवावेत. एखादाच वळसा उरेल असं कापलं तर तो वळसा न दिसता नुसता काटा उभा राहतो. मशीन आणि कात्री यांच्या मधली पायरी कात्रीनेच उतरवून घ्यावी, कंगव्यावर मशीन फिरवून नको. आणि भोवऱ्याजवळचे केस थोडे लांब सोडायला सांगावेत, तिथे केस आधीच उभे राहायला टपलेले असतात.

केस वाढतच नाहीत, ही कुरळ्यांची कायमची तक्रार. वाढतात. महिन्याला सव्वा सेंटिमीटर वाढला तरी वेटोळ्यात गुंडाळून तो दिसतो अर्धा-पाऊण. म्हणून सहा महिन्यांनीही लोक विचारतात, 'कापलेस का गं?' त्याचीच दुसरी बाजू अशी की आकारातली छोटी चूक वेटोळ्यात खपूनही जाते. सरळ केसांचा कट दीड महिन्यात उतरायला लागतो, आपला चांगला जमलेला कट चार-पाच महिने टिकतो. टोकं एकमेकांत अडकून गाठी व्हायला लागल्या की समजावं, वेळ झाली.

कपाळावर बटा काढायच्या असतील तर कोरड्यावरच, आणि हव्या असतील त्याच्या दुप्पट लांब ठेवून सुरुवात करावी. भुवयांवर यायला हव्यात तर पहिला घाव नाकाच्या शेंड्याशी. मग डोकं हलवून, हसून, बोलून पाहावं. कपाळावरचे केस सैल असतात असं धरून चाललेली माझी मैत्रीण ओल्यावर भुवयांशी कापून बसली आणि पुढचे तीन महिने हेअरबँड लावून ऑफिसला गेली.

घरी आल्यावर लगेच रडू नये आणि लगेच खूशही होऊ नये. कापल्यावर बटांची जुनी जोडी मोडलेली असते, कुणी कुणाबरोबर जायचं ते पुन्हा ठरायला एक-दोन न्हाणी लागतात. दोन न्हाण्यांनंतरही एखादी बाजू वर-खाली दिसत असेल तर आठवड्याभरात परत जाऊन कोरड्या केसांवर दाखवावं, बहुतेक ताई पैसे न घेता नीट करून देतात. आणि एखादीच बट कानामागून लोंबत असेल तर घरीही कापता येते. ती एकटी वेगळी काढावी, न ओढता सैल धरावी, वळण आत येतं त्या जागी अर्धा सेंटिमीटर कापावी, सोडून बघावी, मग पुढचा अर्धा. कात्री मात्र केसांचीच घ्यावी. दुधाच्या पिशव्या कापायची ती ओट्यावरची नको.